चौरस फूट की चौरस मीटर?

ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी नव्या इमारती येत आहेत. पुनर्विकासाची चर्चा निघाली की ज्येष्ठांचा पहिला प्रश्न असतो, "नवं घर किती फुटांचं?" कागदावर मात्र चौरस मीटर. ४६.४५ हा आकडा वाचून जीव धसकतो, पण ते असतात चांगले ५०० चौरस फूट! चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. हा गुणाकार सही करण्याआधी घरातल्या नातवंडानं करून दाखवावा. त्याहूनही मोलाचं म्हणजे, हा आकडा कार्पेट क्षेत्राचा आहे ना, हे विचारून घ्यावं. आयुष्यभराच्या पुंजीचा प्रश्न आहे, इथे संकोच कसला?

जुन्या-नव्या मापांचा हा घोळ तसा जुनाच. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि पुढच्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. आणे, शेर, मण व्यवहारातून गेले.

बांधकामाने मात्र फूट सोडला नाही. रेती-खडी आजही ब्रासमध्ये मागवतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कापड मीटरने घ्यायचं आणि शिंप्याकडे छातीचं माप इंचात द्यायचं, हेही अंगवळणी पडलं आहे.

तापाचं तसं नाही, तिथे एकक नीट पाहावं लागतं. थर्मामीटरवर ३८ दिसले, तर तो सेल्सिअसमधला ताप आहे, फॅरनहाइटमध्ये १००.४. घरातल्या थर्मामीटरवर 'सी' आहे की 'एफ', हे आजच पाहून ठेवावं.