साधनशुचिता आणि औषध

हेतू चांगला असला म्हणजे साधन कोणतेही चालते काय? हा जुना प्रश्न आज औषधसंशोधनाच्या प्रयोगशाळेत नव्याने उभा आहे.

आपल्या पेशींच्या आवरणात ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूंवरील अशाच ग्राहीत कुलपात किल्ली बसावी तसे बसते आणि श्वास मोकळा होतो. नवी किल्ली शोधताना असंख्य रसायने ग्राहींवर पारखावी लागतात. त्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘एचईके-२९३’ ही पेशीमालिका १९७३ साली नेदरलँड्समधील लायडन येथे एका मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून तयार झाली. तो गर्भ गर्भपातातून आला असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

जिवंत पेशींवाचूनही ग्राही घडविता येतात. १९६१ साली अमेरिकेत निरेनबर्ग व माथाई यांनी जिवाणू फोडून काढलेल्या अर्कात प्रथिन तयार करून दाखविले. आज जिवाणूंच्या वा गव्हाच्या अंकुराच्या अर्कात ग्राहीचा जनुक घालतात आणि तयार झालेला ग्राही स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म चकतीत बसवितात. मग कोणते रसायन त्याला चिकटते ते पाहता येते. अर्थात, किल्ली बसली म्हणजे दार उघडलेच असे नव्हे. पुढचा परिणाम जिवंत पेशीतच कळतो. मात्र त्या पायरीसाठीही हॅमस्टरच्या पेशींसारखे पर्याय आहेत.

मग रुग्णाने गोळी नाकारावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. तळमळणाऱ्या जिवाचे औषध आपल्या शुचितेपायी अडवून धरणे हाही अन्यायच. २००८ सालच्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या व्हॅटिकनच्या सूचनापत्राने लसींविषयी हाच विवेक सांगितला: मुलाच्या आरोग्यास धोका असल्यास आईवडिलांना अशी लस वापरता येईल, परंतु आपली असहमती कळविणे व पर्याय मागणे हे सर्वांचे कर्तव्य आहे. साधनाची निवड करणाऱ्यांची जबाबदारी अर्थातच अधिक मोठी.

पर्याय नव्हता तोवर ‘नाइलाज’ ही सबब होती. पर्याय जसजसा हाती येतो, तसतशी ती सबब क्षीण होत जाते. वेळ आणि पैसा वाचतो म्हणून जुनीच वाट धरली, तर तो नाइलाज राहत नाही. ती आपली निवड ठरते.

म्हणून औषध घेणाऱ्यास आपण दोष देऊ नये. परंतु आपली मुलेमुली औषधनिर्मितीच्या क्षेत्रात पाऊल टाकतील तेव्हा, ‘या पेशी कोठून आल्या?’ हे विचारण्याचे धैर्य त्यांना घरातूनच मिळालेले असावे.