उसने बोट

दिवाळी जवळ आली की आमच्या आळीत उसनवारीला ऊत येतो. कुणाचा सोऱ्या कुणाकडे असतो, कुणाची झारी कुणाच्या कढईत फिरत असते, आणि करंज्यांचे कातणे तर तीन घरे हिंडून भाऊबिजेपर्यंत परत आले तरी पुष्कळ. उसने मागण्यात कमीपणा नाही. नेलेली वस्तू जशीच्या तशी परत आली नाही, तरच काय ती कुरबुर. मीही आजवर छत्री दिली, शिडी दिली, पुस्तके दिली. पुस्तके परत येत नाहीत हे कळल्यावर त्यांचे दुःख करणेही सोडून दिले. पण २०२४ सालची दिवाळी आटोपल्यावर मी एक अशी वस्तू उसनी दिली की तिचा हिशोब अजून माझ्या मनातून सुटलेला नाही. ती वस्तू म्हणजे माझ्या उजव्या हाताचे बोट.

ते मागितले माझ्या आत्याने. आत्याचे माहेर आणि सासर दोन्ही आमच्याच कृष्णाकाठच्या गावात. मध्ये फक्त दोन आळ्या आणि एक घाट. वय एकोणनव्वद. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला आता आठ वर्षे झाली. मुलगी नागपुरास. माझे वडील होते तोवर भाऊबिजेला ते तिच्याकडे जात. त्यांच्या पश्चात मी जातो. त्या भाऊबिजेलाही गेलो. तिने चाचपत माझ्या कपाळाला टिळा लावला, ओवाळले, आणि तबकातल्या ओवाळणीकडे हातही न नेता म्हणाली, "पैसे राहू देत रे. वीस तारखेला मला मताला घेऊन चल."

त्या वर्षी २० नोव्हेंबरला सबंध महाराष्ट्रात एकाच दिवशी विधानसभेचे मतदान होते. पंच्याऐंशी वर्षांवरच्या मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय त्या वेळी होती. मी ती तिला समजावून सांगितली. माणसे घरी येतात, कागद देतात, सगळे रीतसर होते, असे म्हणालो.

"घरातच मत द्यायचं," आत्या म्हणाली, "तर मग मामंजी काय वाईट होते?"

हे मामंजी म्हणजे तिचे सासरे. त्यांना जाऊन कैक वर्षे झाली. त्यांचे नाव मतदानाच्या गोष्टीत का यावे हे मला उमगेना, तेव्हा तिने मला १९५७ सालची हकीकत सांगितली. आत्या तेव्हा बावीस वर्षांची होती. एकवीस पुरी झाल्याशिवाय त्या काळी मत नसे, म्हणून ते तिचे पहिलेच मतदान. आजच्यासारखे यंत्र नव्हते. एवढेच काय, कागदावर शिक्काही मारायचा नसे. आडोशाला दर उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. आपण कागद घ्यायचा आणि हव्या त्या पेटीत टाकायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या वादाने ते दिवस पेटलेले होते. आदल्या रात्री मामंजींनी घरातल्या साऱ्या बायकांना ओटीवर बोलावले आणि कोणत्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा ते सांगितले. विचारले नाही, सांगितले. सकाळी स्वतः पुढे आणि मागे चार सुना अशी वरात शाळेपर्यंत नेली.

"आणि तू टाकलास कुठे?" मी विचारले.

"ते तुला कशाला? त्यांनाही नाही सांगितलं कधी." 'त्यांना' म्हणजे माझ्या आतोबांना. मग थोडे थांबून म्हणाली, "त्या घरात मी एकटी अशी कुठे होते रे? माजघरात सासूबाई, ओटीवर मामंजी, नदीवर जावा. पडद्यामागे मात्र मी आणि त्या पेट्या. तिथे कोण यायला होतं?"

मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. गुप्त मतदान ही लोकशाहीची एक आवश्यक अट आहे, असे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिले असेल. पण सत्तर माणसांच्या राबत्या घरातल्या एका सुनेला पाच वर्षांतून एकदा एकटे उभे राहायला मिळालेली दोन हातांची जागा म्हणजे गुप्त मतदान, ही व्याख्या मला कोणत्याच पुस्तकात आढळली नव्हती.

वीस तारखेला सकाळी आम्ही रिक्षाने शाळेत गेलो. बायकांची रांग वेगळी होती; पण आत्याला पाहून साऱ्यांनीच वाट दिली. पहिल्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याने यादीत बोट ठेवून तिचे नाव मोठ्याने वाचले: स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. आत्याने मान ताठ केली. त्या नावाने तिला आता हाक मारते तरी कोण? आम्हां साऱ्यांची ती आत्या, नाही तर आजी. मला आठवले, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली होती. त्यांनी आपली नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी केली होती, आणि त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत. कठोर वाटते खरे. पण मत हे कुणाच्या आईला नसते, बायकोला नसते. ते नाव असलेल्या एका माणसाला असते. एवढे ठणकावून सांगणारे दुसरे कोणी त्या काळी बहुधा नव्हते.

दृष्टी नसलेल्या मतदाराला एक सोबती आत नेता येतो. १९६१ च्या निवडणूक नियमांत तशी तरतूद आहे. सोबती अठरा वर्षांचा तरी हवा. एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. आणि त्याने मत नोंदवायचे ते मतदाराच्या इच्छेप्रमाणे. आत काय केले ते गुप्त ठेवीन, असे त्याला लेखी द्यावे लागते. केंद्राध्यक्षांनी कागद पुढे केला आणि मी सही केली. आयुष्यात शेकडो कागदांवर मी न वाचता सही केली आहे. हा मात्र दोनदा वाचला.

आत्याच्या बोटाला शाई लागली आणि आम्ही पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेलो. जिथे कोण यायला होते, तिथे आता मी आलो होतो!

कुणाला मत देणार, हे तिने घरी सांगितले नव्हते. "तिथे सांगेन," एवढेच म्हणाली होती. मी यंत्रावर वाकून एकेक नाव आणि चिन्ह तिच्या कानात वाचले, अगदी शेवटच्या 'वरीलपैकी कोणीही नाही' पर्यंत. तिने लक्ष देऊन ऐकले. म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले. मग माझा कान खाली ओढून तिने एक नाव सांगितले, आणि न विचारता त्याचे कारणही सांगितले.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. तसे लिहून दिले आहे. कारणही नाही, कारण त्यावरून नाव ओळखता येईल. एवढेच सांगतो की, ते नाव ऐकून मला धक्का बसला, आणि ते कारण माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले असते तर मी त्याला शून्य दिले असते.

माझे बोट निळ्या बटणापाशी गेले आणि थांबले.

किती वेळ थांबले? तीन श्वास, चार श्वास. पण तेवढ्यात मनाने किती वकील उभे करावेत! पहिला आला तो जॉन स्टुअर्ट मिल. आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले तोच. १८६१ च्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की मत ही काही मतदाराची खाजगी मालमत्ता नव्हे, ती समाजाने त्याच्यापाशी ठेवलेली ठेव आहे; म्हणून मत द्यायचे ते सर्वांदेखत, सर्वांच्या हितासाठी. झाले! ठेव समाजाची असेल, तर ती आत्याच्या लहरीवर का उधळायची? पाठोपाठ एडमंड बर्क आला. १७७४ साली त्याने ब्रिस्टलच्या मतदारांना स्पष्ट सांगितले होते की प्रतिनिधीने मतदारांचा हुकूम मानायचा नसतो, स्वतःची बुद्धी त्यांच्या सेवेला लावायची असते. मग या आडोशात आत्याचा प्रतिनिधी कोण? मीच ना? शिवाय सगळ्यांत सोयीचा वकील शेवटी आला. तो म्हणाला, तिला कळणार कसे? यंत्राची शिटी कोणतेही बटण दाबले तरी सारखीच वाजते. शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते खरी. पण दिसते ती डोळसाला.

"थांबलास का?" आत्याने विचारले.

आवाजात संशय नव्हता, राग नव्हता. जिन्यावरून उतरताना माझा हात थबकला की ती विचारते, तसेच विचारले. मी तिने सांगितलेले बटण दाबले. शिटी वाजली. चिठ्ठी दिसली आणि पडली.

"मी सांगितलं तेच ना?"

"तेच."

"बरं," ती म्हणाली, आणि माझा दंड धरून बाहेर निघाली. पुरावा मागितला नाही. मागितला असता तरी मी कोणता देणार होतो?

तुम्ही म्हणाल, झाले ते ठीकच झाले. मग आता त्याचा एवढा घोळ कशाला? घोळ त्या तीन-चार श्वासांचा आहे. माझे बोट थांबले ही गोष्ट खरी आहे. आत्याने ते विचारले नसते तर ते कोणत्या दिशेला सरकले असते, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्या वकिलांची उलटतपासणी मी मागाहून घरी बसून केली. मिलचा मुद्दा उदात्त आहे, पण त्याने आमचे मामंजी पाहिले नव्हते. सर्वांदेखत मत द्यायचे म्हटले तर आत्याचे पहिले मत १९५७ साली ओटीवरच पडले असते. मौज अशी की, स्त्रियांना मत द्यावे म्हणून १८६७ साली पार्लमेंटात दुरुस्ती मांडणारा माणूसही हाच मिल. पण ते मत तिच्या हाती शाबूत राहायचे तर पडदा लागतो, हे त्याला पटले नाही. इंग्लंडने १८७२ साली गुप्त मतदान स्वीकारले ते त्याचे न ऐकताच. बर्कचे बोलणेही खोटे नाही. पण बर्क आपल्या मतदारांच्या तोंडावर बोलला होता. नापसंत असेल तर त्याला घालवणे त्यांच्या हाती होते, आणि १७८० साली त्याला ती जागा सोडावीही लागली. मला आत्या कशी घालवणार? जिला फसवले गेल्याचे कळूच शकत नाही, तिचा प्रतिनिधी म्हणवून घेणे म्हणजे चोराने स्वतःला खजिनदार म्हणवणे होय.

आणि याहूनही एक लाजिरवाणी गोष्ट माझ्या ध्यानात आली. तरुणपणी दोन निवडणुकांत मी मताला गेलोच नव्हतो. कुणी विचारले की म्हणे, लाखो मतांत माझ्या एका मताने काय व्हायचे आहे? मोठ्या तार्किक थाटात म्हणे! मग त्या दिवशी आडोशात काय झाले? त्याच एका मताला एवढे वजन कोठून आले की त्यासाठी मी एका आंधळ्या म्हातारीला फसवायचा विचार करावा? एक मत कवडीमोल असेल, तर ते वळवण्याचा मोह पडायचे कारण नव्हते. आणि मोह पडण्याइतके ते मोलाचे असेल, तर घरी बसून राहण्याचा मला अधिकार नव्हता. दोन्ही विधाने एकदम खरी असू शकत नाहीत. हा तर्कशास्त्राचा पहिला धडा मला माझ्याच बोटाने शिकवला.

बाकी त्या मताने निकाल बदलला असता का? नसता. आत्याचे मत लाखांतले एकच होते. पण मी ते वळवले असते तर ती चोरी काही लाखांश झाली नसती. ती पुरती झाली असती.

तिचे कारण मला अजूनही पटत नाही. एका दुपारी मी ते तिच्याशी मोकळेपणाने बोललो, वाद घातला, आणि हरलोही नाही, जिंकलोही नाही. हे मात्र करायला हरकत नाही असे मला वाटते. आडोशाबाहेर हवे तितके भांडावे. आपल्या माणसाचे मत चुकते आहे असे वाटले तर ओटीवर बसून, चहा घेत घेत, ते बदलायचा प्रयत्न करावा. मामंजी ओटीवर बोलले ही त्यांची चूक नव्हती. ते फक्त बोलले, ऐकले नाही, आणि मग पडद्यापर्यंत मागे चालत आले, ही होती.

आता पुन्हा दिवाळी आली आहे. परवा आत्याकडे फराळाचा डबा पोचवायला गेलो, तेव्हा सहज विचारले, "आत्या, सत्तावन साली कागद कुठल्या पेटीत टाकलास ते आता तरी सांग. मामंजी नाहीत, आतोबा नाहीत, त्या पेट्याही नाहीत."

आत्याने डब्यातली चकली चाचपून घेतली, मोडून पाहिली. म्हणाली, "छान खुसखुशीत झालीय. सोऱ्या कुणाचा आणला होता?"

मी शेजारच्यांचे नाव सांगितले.

"आधी नेऊन दे त्यांचा," ती म्हणाली.