नव्या सांध्याभोवतीचं हाड

पाठीला टेकू मिळेल अशा खुर्चीत बसा. दोन्ही तळवे जमिनीवर टेकवा. हाताची बोटं आखडली असतील तर ओढून सरळ करू नका. मांडीवर तशीच राहू द्या. श्वास आपल्या लयीने चालू दे.

आता लक्ष खुब्यापाशी न्या, जिथे नवा सांधा बसवला आहे. जुना ठणका ओसरला आहे. धातू आपलं काम करतो आहे. त्याच्याभोवतीचं हाड मात्र जिवंत आहे. तिथे थोडं थांबा.

या हाडात काही पेशी जुना भाग विरघळवतात, काही नवा रचतात. तुमच्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमधला दाह विरघळवणाऱ्या पेशींना बळ देतो. त्या आजारासाठी फार दिवस घेतलेली स्टेरॉइडं रचणाऱ्यांना मंदावतात. हाड विरळ झालं असेल, तर तो तुमचा हलगर्जीपणा नव्हे. श्वास सोडताना हा दोषही सोडून द्या.

१८९२ मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी मांडलं, की पडणाऱ्या भाराप्रमाणे हाड स्वतःला घडवतं. नवा खुबा बसला की बराच भार धातूचा दांडा पेलतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला काम कमी उरतं, आणि तिथली घनता घटते. ही घट बहुतांशी पहिल्या वर्षात होते, पुढे मंदावते.

आता उजवा तळवा हलकेच दाबा. सोडा. मग डावा. दुखेल इतकं नको. टाचेतून वर चढणारा दाब जाणवू द्या. हाडात रुतून बसलेल्या पेशींना हाच दाब कळतो. म्हणून डॉक्टरांनी मुभा दिली असेल तेवढं उभं राहणं, चालणं हे हाडाचंही पोषण आहे.

वेदना थांबली की आजारच संपला, असं वाटू लागतं. ते वाटणं ओळखा. शस्त्रक्रिया एका सांध्याची झाली. आजार सगळ्या शरीराचा आहे. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कणा आणि दुसरा खुबा पाहतात, कारण धातूमुळे या खुब्याचा आकडा फसवा येतो. ती कधी करायची, ड जीवनसत्त्व पुरेसं आहे का, स्टेरॉइड कमी करता येईल का, हे पुढच्या भेटीत विचारा. स्टेरॉइडची गोळी स्वतःहून बंद करू नका.

उठताना आधार धरा. आणि वाटेतलं सरकणारं पायपुसणं आजच उचलून ठेवा. विरळ हाडाला पडण्यापासून जपणं, हे तुमच्या हातात आहे.