उंबराच्या आतला व्यवहार

'सहजीवन' या शब्दाला मराठीत संसाराचा गोडवा चिकटला आहे, त्यामुळे निसर्गातले सहजीवन म्हटले की एकमेकांसाठी झिजणारे जीव डोळ्यांपुढे येतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी 1879 मध्ये मूळ संज्ञा मांडली तेव्हा मात्र भिन्न जातींनी एकत्र राहणे एवढाच तिचा अर्थ होता. परजीवींचे जगणेही त्यांनी त्यात धरले होते. तो कोरडा अर्थच मला खरा वाटतो, आणि त्याची साक्ष आपल्या ओढ्याकाठचा उंबर देतो.

उंबराचे फूल कुणाला दिसत नाही, कारण ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आतच शेकडो बारीक फुले दाटलेली असतात. टोकाच्या अरुंद छिद्रातून केंबर या चिमुकल्या कीटकाची मादी आत शिरते. शिरतानाच तिचे पंख तुटतात. परतीची वाट उरत नाही. आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंड्यांच्या फुलांत पिल्ले वाढतात, उरलेल्यांत बी धरते. पुढे बिनपंखी नर आतच माद्यांशी मीलन करतात, बाहेरची वाट कोरतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन उडतात. हा त्याग वाटेल. पण परागाचे कष्ट न घेता नुसती अंडी घातली तर? पनामात उंबराच्या भाऊबंदांवर केलेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बिनपरागाच्या माद्या फळांत सोडल्या गेल्या. ज्या जातींत कीटक पराग मुद्दाम गोळा करून नेतात, तिथे झाडांनी अशी फळे गाळली किंवा त्यांत पिल्ले कमी निपजली. जिथे पराग अंगाला आपसूक चिकटतो, म्हणजे कामचुकारपणाला फारसा वावच नाही, तिथे ही शिक्षा आढळली नाही.

झाडाला हिशेब कसा कळणार, असे कुणी विचारील. कळावा लागत नाही. बी न धरणाऱ्या फळांवर रस खर्चणाऱ्या झाडाची संतती कमी राहते. पिढ्यान्‌पिढ्या एवढे पुरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लांब सोंडेसारख्या अवयवाने बाहेरूनच फळात अंडी घालणारे कीटक आहेत, ते पराग देत नाहीत आणि तरी टिकून आहेत. हे मान्य केलेच पाहिजे. या व्यवहारात गळती आहे. पण गळती सोसूनही तो कोट्यवधी वर्षे चालला. सद्भावनेवर उभे नसलेले नाते हलके ठरते, असे मला मुळीच वाटत नाही. उलट त्याच्या अटींतूनच औदार्य पाझरते. पंख फुटलेली मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते, म्हणून परिसरात कुठला ना कुठला उंबर फळाच्या नेमक्या अवस्थेत असावा लागतो. झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात, आणि इतर फळे नसतानाही वटवाघळे, धनेश, माकडे यांना उंबर सापडतो.

रस्त्यासाठी एखादा उंबर तोडायचा ठरला, तर आधी हे पाहा, की त्या मादीला तिच्या दोन दिवसांत गाठता येईल असा दुसरा उंबर जवळ उभा आहे का.