सुहृदांचा वाद

न्यायशास्त्राने विचारविनिमयाचे तीन प्रकार मानले आहेत: तत्त्व जाणण्याच्या इच्छेने चाललेला वाद, जयाच्या इच्छेने चाललेला जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष पाडणारी वितंडा. ह्यांपैकी वाद कोणाशी करावा हेही सूत्रकार गौतमांनी सांगून ठेवले आहे. शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि श्रेयाची इच्छा धरणारे निर्मत्सर जन, एवढ्यांशीच तो करावा. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि आप्तवाक्य अशी चार प्रमाणे हाताशी असताना सत्यनिर्णयासाठी ही निर्मत्सर सोबत्याची अट कशाला घातली असावी? तो केवळ शिष्टाचाराचा नियम आहे, की ज्ञान होण्याच्या क्रियेतच सौहार्दाला काही स्थान आहे?

ह्या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार आठवते ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची हकीकत. 1860 साली मुंबईत वाळकेश्वरी जन्मलेल्या आणि वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन काही काळ तो व्यवसाय केलेल्या ह्या गृहस्थांस साक्ष, उलटतपासणी आणि निवाडा ह्यांची सवय होती. जयापजयाच्या वादविवादात ते सहज रमले असते. परंतु संगीतशास्त्राच्या शोधात त्यांच्यापुढे असा एक मुकदमा आला की ज्यात दोन्ही पक्षांची कागदपत्रे अपुरी होती. यादवांच्या देवगिरीत शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ सर्वांस वंद्य होता, पण त्यातील राग कोणी गात नव्हते. आणि जे राग गायक प्रत्यक्ष गात होते, त्यांस ग्रंथाचा दाखला मिळत नव्हता.

हा तिढा घेऊन 1904 साली ते दक्षिणेत गेले आणि एट्टयपुरम संस्थानात सुब्बराम दीक्षितांस भेटले. 1839 साली जन्मलेले हे वृद्ध वाग्गेयकार मुत्तुस्वामी दीक्षितांच्या घराण्यातले, स्वतः रचनाकार आणि परंपरेचे जतन करणारे होते. चिन्नस्वामी मुदलियार नावाच्या ख्रिस्ती संगीतज्ञाने धरलेल्या आग्रहामुळे आणि संस्थानाच्या आश्रयामुळे त्यांनी घराण्याचा ठेवा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ ह्या तेलुगू ग्रंथात उघडा केला, आणि तो त्याच वर्षी छापून निघाला. भातखंड्यांस त्यांच्याकडून व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ ह्या ग्रंथाची प्रत मिळाली. सतराव्या शतकातील त्या ग्रंथात बहात्तर मेळांची जी रचना आहे, तिचा अभ्यास करूनच पुढे भातखंड्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत व्यवस्था लावली. जी विद्या पुष्कळ घरी मुलालाही पुरती सांगितली जात नसे, ती ह्या वृद्धाने परप्रांतीय, परभाषी पाहुण्याच्या हाती दिली.

येथे न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी केलेले आप्ताचे लक्षण ध्यानात घ्यावे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती दुसऱ्यास सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ ह्या सर्वांस सारखेच लागू आहे, असे ते स्पष्ट म्हणतात. दीड हजार वर्षांच्या जवळपास वय झालेल्या त्या वाक्यातील औदार्य पाहून मन आजही थक्क होते. ह्या लक्षणात ज्ञानाइतकेच सांगण्याच्या इच्छेला महत्त्व आहे, आणि ती इच्छा विचारणाऱ्याच्या ठिकाणी मत्सर दिसला की आटते. म्हणून मी असे समजतो की गौतमांची अट ज्ञानाच्या बाहेरची नाही; सुहृदाच्या अभावी जाणकार हा जाणकारच राहतो, आप्त होत नाही, आणि त्याचे जाणणे जगाच्या दृष्टीने प्रमाण ठरत नाही.

1907 च्या प्रवासात भातखंडे आमच्या नागपुरासही येऊन गेले. त्याच दौऱ्यात हैदराबादेस त्यांचा काशिनाथशास्त्री अप्पा तुलसी यांच्याशी स्नेह जडला. त्या स्नेहाचा खरा पत्रव्यवहार ग्रंथांतून झाला, असे म्हटले पाहिजे. ‘चतुरपंडित’ ह्या नावाने भातखंड्यांनी संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ रचले. शास्त्रीबुवांनी ‘रागकल्पद्रुमांकुर’ आणि ‘रागचंद्रिका’ ह्या पद्यग्रंथांत प्रचलित रागांची लक्षणे बांधली. आणि भातखंड्यांनी आपल्या क्रमिक पुस्तकांत रागांच्या चिजांपूर्वी स्वतःच्या श्लोकांबरोबर मित्राचे श्लोकही छापले. पुढे अकबरपूरचे राजा नवाब अली यांनी तीच पद्धती ‘मआरिफुन्नग़मात’ ह्या उर्दू ग्रंथात मांडली, तेव्हा वात्स्यायनांचे लक्षण अक्षरशः खरे ठरले.

नव्या काळात नवे श्लोक रचून त्यांस शास्त्र म्हणणे उचित आहे काय, अशी शंका कोणी घेईल. गीतेच्या सोळाव्या अध्यायात कार्याकार्याच्या निर्णयाला शास्त्रच प्रमाण मानले आहे, हे खरे. पण पतंजलींनी महाभाष्यात दाखवून दिले आहे की घडा हवा असणारा माणूस कुंभाराकडे जातो, तसा शब्द हवा असणारा कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. लोक बोलतात, मग व्याकरण येते. नागपूरजवळच्या आमच्या वाडीहून अमरावतीच्या रस्त्याने पुढे मोझरीपर्यंत गावोगावी तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर गाणारी मंडळी थाटाचे नाव न घेता सुरावर स्थिर असतात. ज्याला लक्ष्य, म्हणजे प्रचारातले प्रत्यक्ष गाणे, म्हणतात ते हेच, आणि शास्त्राने त्याच्या मागून चालण्यात शास्त्राची अप्रतिष्ठा नाही. दहा थाटांत अहीरभैरव किंवा मधुवंती बसत नाही, हा दोष त्या मागून चालण्यात राहिलेला आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

परंतु अधिक गंभीर दोष मला दुसरीकडे दिसतो. जयपूरचे मुहम्मद अली खाँ यांच्या घराण्याकडून शेकडो चिजा मिळवणाऱ्या भातखंड्यांनी गवयांच्या शास्त्रविषयक अज्ञानावर फार कठोर लिहिले आहे. शास्त्रीबुवा आणि राजेसाहेब त्यांचे सहाध्यायी झाले; बहुतेक उस्ताद मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उभे राहिले. त्यांच्या चिजांची नोंद झाली, पण राग ते कसा ओळखतात, तो कुठे मोडतो आणि का मोडतो, ह्याविषयी त्यांची स्वतःची उपपत्ती विचारून घेण्यास जे सौहार्द लागते ते एट्टयपुरम आणि हैदराबादेस होते तितके तेथे नव्हते; त्यामुळे त्या पक्षाची कैफियत दप्तरात फारच थोडी आली.