बुरशीवरचा आळ

नखुर्डं म्हटलं की ठणकणारं बोट, पू आणि बोटावर चढवलेलं लिंबू आठवतं. ते चार दिवसांचं दुखणं. पण सहा आठवडे उलटले तरी नखाची कड सुजलेली, लालसर. ठणका बेताचाच, नखावर आडव्या वळ्या. हा प्रकार निराळा. धुणीभांडी करणाऱ्या बाया, कोळणी, हॉटेलातली भांडी घासणारी पोरं यांना तो होतो.

अशा कडेत पुष्कळदा कॅन्डिडा नावाची बुरशी सापडते. सापडला तो चोर, या न्यायानं रुग्णांना बुरशीवरच्या गोळ्या दिल्या गेल्या. २००२ मध्ये इटलीच्या त्वचारोगतज्ज्ञ आंतोनेल्ला तोस्ती आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांवरची तुलना प्रसिद्ध केली. काहींना इट्राकोनॅझोल, काहींना टर्बिनाफिन, उरलेल्यांना नुसतं स्टिरॉइडचं मलम, तीन आठवडे. मलमानं ४८ पैकी ४१ नखं सुधारली किंवा बरी झाली. टर्बिनाफिननं ५७ पैकी ३०, इट्राकोनॅझोलनं ६४ पैकी २९. बुरशी मारणारी औषधं मागे पडली, आणि बुरशीला हातही न लावणारं मलम पुढे गेलं!

कारण नखाच्या मुळाशी आहे. तिथली पातळ पापुद्र्यासारखी कातडी म्हणजे खिडकीच्या काचेभोवतीची लांबी. साबण, सोडा, सततचं पाणी यांनी ती झडते, कधी पार्लरमध्ये हौसेनं कापली जाते. मग फटीतून पाणी आणि साबण आत शिरतात, कातडी चिडते, सुजते, फट आणखी वाढते. बुरशी त्या ओलीत मागाहून राहायला येते. मलम सूज उतरवतं, म्हणून ते चालतं. सूज उतरवणारंच, पण स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमसही ग्रीसमधल्या २००९ च्या अभ्यासात उपयोगी ठरलं.

मात्र स्टिरॉइड महिनोन्‌महिने चोपडलं तर कातडी पातळ होते, आणि पू असेल तेव्हा ते आपल्या मनानं लावूच नये. मधुमेह असेल तर डॉक्टरांकडे लवकर जावं. एकच बोट हट्टानं बरं होत नसेल तर डॉक्टर कधी तुकडा काढून तपासतात, कारण क्वचित तो कर्करोगही निघतो. अगदी जुनाट दुखण्यात सुजलेली कड कापून काढण्याची शस्त्रक्रिया असते. तिची पाळी थोड्यांवरच येते.

यातलं कुठलंही औषध पाण्यापुढे टिकत नाही. बोटाचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. कडेची कातडी पुन्हा नखाला चिकटायला काही महिने लागतात, आणि तोवर हात कोरडा हवा. पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं, पाळणं नाही. रबरी हातमोज्यांत घाम साचतो, म्हणून आत सुती मोजे घालायचे, आणि ते भिजले की बदलायचे. या मोज्यांचे पैसे मालकिणीनं द्यावेत, असं मला वाटतं.