भगवंतांची पहिली आज्ञा

गीतेच्या पहिल्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण एकदाच बोलतात, आणि तेही अगदी थोडके. दोन्ही सैन्यांच्या मध्यभागी रथ उभा करावा, अशी अर्जुनाची इच्छा होती. भगवंतांनी तो नेमका भीष्म आणि द्रोण यांच्यासमोर उभा केला. पितामह आणि गुरू दृष्टीआड होणे तेथून शक्यच नव्हते. मग त्यांनी अर्जुनाला एवढेच सांगितले की, येथे जमलेल्या या कौरवांकडे पाहा. आत्म्याचे अमरत्व, कर्मयोग, भक्ती, शरणागती हे सारे पुढे यावयाचे आहे. त्या सर्वांच्या आधीची आज्ञा पाहण्याची आहे.

ही आज्ञा वरवर क्षुल्लक वाटते. परंतु गृहस्थाच्या संसारात तिच्याइतकी अवघड आज्ञा क्वचितच असेल.

उत्तर प्रदेशातील गाजीपूर जिल्ह्यात गहमर, तसे महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्यात अपशिंगे हे सैनिकांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागला, तो आजही आहे. अशा मुलुखातील एका घराची कल्पना करावी. घरात वृद्ध माता, मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. मुलगा मराठा पलटणीत हवालदार. पलटणीला सियाचेनच्या बर्फात जाण्याचा हुकूम झालेला. १९८४ पासून भारतीय सैन्य त्या हिमनदीवर पहारा देत आहे. तेथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि कोसळत्या बर्फाने अधिक जवान घेतले आहेत. अशा ठिकाणी कुटुंब बरोबर नेता येत नाही. छावणीतील खोली रिकामी करून सून मुलीसह गावी आली आहे, आणि रजेचे शेवटचे आठ दिवस उरले आहेत.

एका संध्याकाळी मुलाने कागद काढले. बँकेचे पुस्तक, विम्याचा कागद, सातबारा, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे त्याची नोंद. तो पत्नीला एकेक समजावून सांगू लागला. ‘माझे काही बरेवाईट झाले तर’ हे शब्द त्याच्या तोंडून निघताच माता उठली आणि म्हणाली, “भरल्या घरात, तिन्हीसांजेला असले अशुभ बोलू नये. मी देव पाण्यात घालून बसेन. पण हे कागद मिटा.” सुनेच्याही डोळ्यांना धार लागली. कागद मिटले गेले.

येथे विचार करावयास हवा. मातेचे बोलणे श्रद्धेचे होते काय? देवावर भरवसा आहे म्हणून पुढचे पाहू नये, हा न्याय शास्त्राने कोठेही सांगितलेला नाही. श्रद्धेचे वस्त्र पांघरून तेथे मोहच बोलत होता. आणि असा मोह बहुधा प्रेमळ माणसांच्याच मुखाने बोलतो, म्हणून तो ओळखू येत नाही. अर्जुनाचेही असेच झाले. एकही बाण सुटला नव्हता, एकही आप्त पडला नव्हता, तरी गांडीव हातातून गळू लागले. जे घडलेले नाही त्याचा शोक त्याच्या हातांत शिरला होता. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत ज्याला दोष देतात तो हाच शोक. ज्यांचे प्राण गेले त्यांच्यासाठी शहाणे शोक करीत नाहीत, आणि ज्यांचे प्राण अजून आहेत त्यांच्यासाठीही नाही, असा त्याचा आशय आहे. या दुसऱ्या अर्ध्याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. सैनिकाच्या घरी मात्र तो अर्धा प्रत्येक रजेच्या शेवटी दाराशी येऊन उभा राहतो.

आणखी एक गोष्ट. गीता रणांगणावर सांगितली गेली हे खरे. पण ती आपल्यापर्यंत पोहोचते ती एका घरात बसलेल्या माणसाला ऐकवलेली म्हणून. धृतराष्ट्र हस्तिनापुरात बसला आहे आणि संजय त्याला वृत्त सांगत आहे. व्यासांनी त्याला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ केली होती. कुळाचा नाश डोळ्यांनी पाहवणार नाही, आपण केवळ ऐकू, असे म्हणून त्याने ती नाकारली. मागे राहून वाट पाहणाऱ्या माणसाचे हे किती अचूक चित्र आहे! पाहावयाचे नाही, पण बातमीवाचून राहवतही नाही. सातशे श्लोकांत त्याचा प्रश्न एकच, आणि त्यातही प्रथम ‘माझे’ आणि मग पांडूचे. एवढी गीता कानांवरून गेली तरी शेवटी तो एक शब्द बोलत नाही. आज बातमी संजयाऐवजी हातातील यंत्रातून येते, हवामान बिघडले की चार-चार दिवस येत नाही, अवस्था तीच.

त्या घरी पुढे काय झाले? दोन दिवस कागदांचा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेने धीर करून सासूला विचारले, “आत्या, मामंजी गेल्यावर तुमची पेन्शन किती महिन्यांनी सुरू झाली?”

वृद्धा बराच वेळ गप्प राहिली. तिचा पतीही सैनिक होता. १९७१ च्या युद्धातून तो सुखरूप परतला, सेवानिवृत्त झाला, घरीच अंथरुणावर वारला. परंतु पलटणीच्या नोंदीत तिचे माहेरचे नाव होते आणि रेशनकार्डावर लग्नात ठेवलेले सासरचे. ती दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे सिद्ध करण्यासाठी तिने वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, प्रतिज्ञापत्रे केली, अंगठे उठवले. पतीने हयातीत एक अर्ज केला असता तर ते टळले असते. पण तेव्हाही घरात असले बोलणे अशुभ मानले जात असे, आणि मानणारी तीच होती.

ती उठली. देव्हाऱ्याखालच्या फळीवरून तिने फडक्यात बांधलेले आपले जुने कागद आणले आणि मुलापुढे ठेवले. “हिचे नाव तुझ्याकडे कसे लागले आहे ते आधी बघ,” ती म्हणाली.

नावात खरोखरच एका अक्षराचा फरक निघाला, आणि मुलीची जन्मतारीखही चुकलेली होती. मुलाने त्याच रात्री अर्ज लिहिला. सुनेने वहीत सर्व उतरवून घेतले: कोणते पैसे कोठे, कर्जाचा हप्ता कधी, अडचणीच्या वेळी पलटणीत कोणाला आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात कोठे विचारावयाचे. रडू आले तेव्हा ती थांबली, आणि पुन्हा लिहू लागली. अनासक्ती म्हणजे डोळे कोरडे असणे नव्हे. रथात बसलेल्या अर्जुनाचेही डोळे भरलेलेच होते, आणि भगवंतांनी त्या भरल्या डोळ्यांनाच उपदेश केला.

निघण्याच्या दिवशी पहाटे मातेने मुलाच्या हातावर दही घातले. आपल्याकडे निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. परतणे कोणाच्याच अधिकारातले नाही, हे त्या घरात आता सर्वांना ठाऊक होते. तरी तो ‘येतो’ म्हणाला, आणि माता “ये” म्हणाली. नातीने बापाची पिशवी वेशीपर्यंत ओढत नेली. मोटार दिसेनाशी झाल्यावर वृद्धा दह्याची वाटी घेऊन आत गेली. कागदांच्या पेटीची किल्ली सुनेच्या कमरेला होती.